लॉख किनॉर्ड परिक्रमा

लॉख किनॉर्ड परिक्रमा हा स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायर भागातील म्यूर ऑफ डिनेट राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रातील एक सुगम वर्तुळाकार पदभ्रमण मार्ग आहे. स्कॉटलंडमध्ये सरोवरास 'लॉख' म्हणतात. मार्गाची लांबी सुमारे ६ किलोमीटर असून तो बहुतांशी सपाट आहे. हे क्षेत्र केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात मोडते. त्याची व्यवस्था 'नेचरस्कॉट' ही शासकीय संस्था पाहते.

भूरचना

हिमयुगाच्या अखेरीस हिमनदी मागे हटताना बर्फाचे प्रचंड खंड वाळू व गोट्यांच्या थरांत गाडले गेले. ते वितळून झालेल्या खळग्यांत पाणी साचले आणि किनॉर्ड व शेजारचे डॅव्हन ही उथळ सरोवरे निर्माण झाली. पश्चिमेस, परिक्रमेच्या नेहमीच्या आरंभस्थानाजवळ, 'बर्न ओ व्हॅट' हा हिमजलाच्या प्रवाहाने खडकात कोरलेला विशाल रांजणखळगा आहे.

इतिहास

सरोवरात दोन बेटे आहेत. लहान बेट म्हणजे 'क्रॅनॉग', अर्थात ओंडके व दगड रचून केलेले मानवनिर्मित बेट होय. मोठ्या नैसर्गिक बेटावरील किल्ला १६४८ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेच्या आदेशाने पाडण्यात आला. उत्तर काठावर पिक्ट लोकांनी कोरलेली, साधारणतः ९व्या शतकातील क्रूसशिला आहे. ती १९व्या शतकात अबॉइन किल्ल्यात नेण्यात आली होती; १९५९ मध्ये ती सरोवराकाठी परत आणण्यात आली.

निसर्ग व संवर्धन

उन्हाळ्यात येथे पांढरी कुमुदे फुलतात व चतुर आढळतात. हिवाळ्यात रानहंस मुक्कामास येतात. पाणमांजराचेही येथे वास्तव्य आहे.

वाटेवरील बर्चचे दाट वन पुरातन भासते. प्रत्यक्षात त्याचा बराचसा भाग २०व्या शतकातील आहे. बर्च हा हिमालयातील भूर्जवृक्षाचा सगोत्र होय. पूर्वी चराईमुळे व झुडपे ठरावीक काळाने जाळण्याच्या प्रथेमुळे येथील माळ मोकळा राहत असे. त्या प्रथा मंदावल्यावर बर्च पसरला आणि हेदर व बेअरबेरी या झुडपांचा माळ आक्रसू लागला. वन आणि माळ या दोहोंवर निरनिराळे जीव अवलंबून असल्याने त्यांचा समतोल राखणे हा येथील संवर्धनाचा कळीचा प्रश्न आहे.

स्कॉटलंडच्या २००३च्या भूमी सुधारणा कायद्यानुसार नागरिकांना येथे संचाराचा हक्क आहे. तथापि तो जबाबदारीने वापरणे बंधनकारक आहे. त्यामुळे विणीच्या हंगामात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी, कुत्री साखळीने बांधून न्यावीत अशी अपेक्षा असते.