वजन-कलंक

शरीराच्या वजनावरून माणसाला आळशी, खादाड वा निष्काळजी ठरवण्याची सामाजिक वृत्ती. चिडवणाऱ्याला ती थट्टा वाटते. आरोग्यावर तिचे परिणाम खरेच होतात.

महाराष्ट्रातले गाजलेले उदाहरण २०१७ चे. मुंबई महापालिका निवडणुकीच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र ‘हेवी पोलीस बंदोबस्त’ अशी ‘हेवी’ या शब्दावर कोटी करत ट्विट केले. पोलीस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशातला निरीक्षक होता. वजन खाण्यामुळे नव्हे, आजारामुळे वाढल्याचे त्याने सांगितले. पुढे मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. अनुवंश, संप्रेरके, औषधे, झोप यांचाही वजनात वाटा असतो, हे हसणाऱ्यांच्या गावी नसते.

दवाखान्यातला कलंक अधिक घातक. गुडघा दुखो वा दम लागो, ‘आधी वजन कमी करा’ एवढेच ऐकावे लागले की निदान लांबते आणि रुग्ण पुन्हा तपासणीला यायचे टाळतो. नैराश्य व भावनिक खाणे वाढून वजनही वाढू शकते. २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’ नियतकालिकात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी हा कलंक संपवण्याचे संयुक्त आवाहन केले.

काटकुळ्यांनाही टोमणे चुकत नाहीत. सचिन कुंडलकरांच्या ‘वजनदार’ (२०१६) या मराठी चित्रपटाचा विषय मात्र स्थूल स्त्रियांची कुचंबणा हाच होता.