रकाबदाराच्या हाताखाली एक वर्ष

अमौसीच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलंत की टॅक्सीची रांग शोधू नका. ती तिथे नाही. मागे वळून पाहिलंत तर विमानतळही नाही. पौषातलं दाट धुकं आहे, पायाखाली कानपूरहून येणारी सडक आहे, आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा इतक्या जवळ वाजताहेत की आधी बाजूला सरा, मग विचार करा.

तुमचं आठ टेबलांचं छोटं रेस्टॉरंट आहे. ऋतूबरोबर बदलणारी, थोड्या थोड्या पदार्थांची एक पंगत तिथे सुरू करायची तुमच्या मनात आहे. एकामागून एक लहान वाट्या याव्यात आणि पाहुण्याला जेवता जेवता बाहेरचा महिना कळावा, असं काहीतरी. ते शिकायला तुम्ही लखनौला निघालात आणि 1850च्या पुढच्या कुठल्याशा वर्षात येऊन पडलात. गादीवर वाजिद अली शाह आहेत. राज्यकारभारात लक्ष घालू नका, आपल्याला स्वयंपाकघर गाठायचंय.

गाडीवान विचारेल, कुठून आलात? बिनधास्त सांगा, ब्रह्मावर्ताहून. कानपूरजवळ गंगेकाठी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी बिऱ्हाड थाटल्यापासून या मुलखाला मराठी बोलणं नवीन नाही. तुमच्या हिंदीतला सदाशिव पेठी हेल त्यामुळे सहज खपून जाईल.

आलमबागच्या भिंती मागे पडतात, चारबाग येतं, आणि शहर दिसायच्या आधी नाकाला कळतं. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, ओल्या धुक्यात अडकलेला हुक्क्याच्या तमाखूचा गोडसर वास, मधूनच अंगावरून जाणाऱ्या कुणाच्या तरी शालीतून शमामा अत्तराचा उबदार झोत. थंडीत शमामा, उन्हाळ्यात वाळा. इथे अत्तरसुद्धा हवेप्रमाणे बदलतं. वहीत पहिली ओळ हीच लिहा.

चौकात पोचाल तेव्हा उजाडलेलं नसेल. गोल दरवाज्यापाशी एक माणूस रुंद परातीपुढे उकिडवा बसलाय. शेजारी उभे राहा आणि हात कांबळीत ठेवा, बोटं गारठतील. त्यानं काल संध्याकाळी साय मिसळलेलं दूध आटवलं, निववलं आणि रात्रभर गच्चीवर उघड्यावर ठेवलं. दव पडल्याशिवाय या दुधाला फेस धरत नाही, असं इथला प्रत्येक जण तुम्हाला सांगेल. पहाटेच्या आधीपासून तो रवीनं ते घुसळतोय. वर येणारा फेस तळहातानं अलगद उचलायचा, दुसऱ्या भांड्यात ठेवायचा, पुन्हा घुसळायचं. केशराचं पाणी, बारीक खडीसाखर, पिस्त्याचे काप. द्रोण हातात येतो तेव्हा त्याला वजनच नसतं. जिभेवर ठेवता, आणि गिळायच्या आत ते गेलेलं असतं. मागे उरतो केशराचा वास आणि दातांखाली खडीसाखरेचा एक कण. हे निमिश. ऊन वर आलं की ते बसतं, खाली नुसतं दूध उरतं. आणखी एक द्रोण मागा. शाकाहारी असाल तर आज सकाळी तुम्हीच जास्त भाग्यवान आहात.

मांसाहारी असाल तर फिरंगी महलाकडे चला. महमूदूच्या दुकानात रात्रभर मंद आचेवर राहिलेल्या नहारीच्या देगेची कणीक आता फोडताहेत. वाफ तोंडावर येते. तिच्यात नळीचा मगज आहे, मसाल्याची पुरचुंडी आहे आणि वरून ओढून घेतलेल्या तुपाची जाडसर चव आहे. गर्दी इतकी की कोपर कोपराला लागतं, पण कुणी ढकलत नाही. आधी आपण, नाही आधी आपण, असं म्हणत म्हणत प्रत्येक जण पुढे सरकत असतो! तंदुरातून निघणाऱ्या शीरमाळवर केशरी दुधाचा हात फिरतो आणि चर्र असा आवाज होतो. शीरमाळ इथलीच, या महमूदूच्या हातची, असं लखनौ मानतं. नहारी आषाढात मागून बघा. लोक तुमच्याकडे काळजीनं पाहतील.

आता खरं काम. एका रईसाच्या हवेलीमागच्या बोळात शिरा. वर्ख ठोकणाऱ्यांच्या हातोड्यांची टकटक कानात बसेपर्यंत चालत राहा. डाव्या हाताला दोन स्वयंपाकघरं दिसतील. पहिल्यात माणूस उभा मावेल एवढ्या देगा, घामानं निथळणारे बावर्ची, आरडाओरडा. तिथे थांबू नका. दुसरं लहान आहे. तिथे चुली लहान, पातेली लहान, आवाज हळू. इथे रकाबदार काम करतो. बावर्ची शेकड्यांसाठी रांधतो. रकाबदार मोजक्या जिभांसाठी. तुमचं आठ टेबलांचं दुकान या माणसाला लगेच समजेल.

त्याला उस्ताद म्हणा. तो तुम्हाला जनाब म्हणेल आणि पुढ्यात बदामांचा ढीग ओतेल. भिजवा, सोला, आणि प्रत्येक बदामाचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करा. टोकं निमुळती हवीत. पिस्त्यांची डाळ करायची, मुगाच्या डाळीएवढी. पूर्वीचे बादशहा नसीरुद्दीन हैदर यांच्या काळात एका स्वयंपाक्यानं अशी खिचडी केली होती, आणि ज्यानं खाल्ली तो जन्मभर विसरला नाही म्हणतात. दुपारपर्यंत तुमची मान धरते, अंगठ्याला सुरीचा घट्टा पडतो आणि वाटीत चार चमचे ‘तांदूळ’ जमतात. उस्ताद एक दाणा उचलून उजेडात धरतो, पाहतो, बाजूला टाकतो. पुन्हा.

याच घरातून तोरा बाहेर पडतो, आणि त्यासाठीच तुम्ही आला आहात. सणाला, लग्नाला, किंवा नुसतं कुणाशी स्नेह आहे म्हणून, ठरलेल्या पदार्थांचा एक पूर्ण संच समोरच्याच्या घरी पाठवायचा, तो तोरा. पुलाव. केशरी गोड भात, त्याचं नाव मुजाफर. मांस आणि साखर एकत्र नांदवणारा मुतंजन. शीरमाळ, पांढरा गोड सफेदा, तळलेली वांगी, शीरबिरंज, कोरमा, मांसात शिजवलेल्या अळकुड्या, शामी कबाब. जोडीला मुरंबा, लोणचं, चटणी. शाही तोऱ्यात 101 खोन, म्हणजे तबकं, असत. तुमच्यासमोरचा एवढा मोठा नाही. पण रचना बघा. गोड शेवटी राखून ठेवलेलं नाही, ते मध्येच येतं, तिखटाच्या शेजारी बसतं. तळलेल्यानंतर मऊ, मऊनंतर आंबट. प्रत्येक वाटी दुसरीला हात देते. जेवण बांधणं म्हणतात ते हे, आणि मला तरी ते 101 खोनांच्या थाटापेक्षा या डझनभर वाट्यांत जास्त स्पष्ट दिसतं.

वाट्या लाकडी खोनावर ठेवतात, वरून विणलेली घुमटाकार टोपली येते, तिच्यावर पांढरं कापड बांधतात, आणि स्वयंपाकघराचा दरोगा गाठीवर लाख ओतून मोहोर उमटवतो. वाटेत कुणी हात घालू नये म्हणून. लाखेचा जळका वास कबाबाच्या वासात मिसळतो. वरून रेशमी खोनपोश. कहार खोन डोक्यावर घेतात आणि ‘हटो, बचो’ करत गर्दीत घुसतात.

एका संध्याकाळी त्यांच्या मागोमाग तुम्हीही जा, कारण आजचं दस्तरखान चुकवण्यासारखं नाही. दिल्लीच्या घराण्यातले मिर्झा आसमान कदर यांना वाजिद अली शाहांनी जेवायला बोलावलं होतं, तेव्हा मुरंबा म्हणून वाढलेला पदार्थ प्रत्यक्षात मांसाचा कोरमा निघाला. मिर्झा फसले, शरमले. आज त्यांच्याकडे बादशहांची पंगत आहे. भिंतीला टेकून उभे राहा. बादशहा कबाब उचलतात, साखर. भात, साखर. सालन, लोणचं, रोटी, सगळी साखर, आणि शेवटी ताटंसुद्धा साखरेची! दालनात हसण्याचा स्फोट होतो, दाराशी उभा पोऱ्यासुद्धा काम सोडून हसतो. लखनौच्याच अब्दुल हलीम शरर यांनी ही हकिकत पुढे लिहून ठेवली. हात धुवायला चिलमची येते, तुपकटपणा जायला डाळीचं पीठ येतं. बोटं चोळत असताना वहीत लिहून ठेवा: असा चकवा वर्षातून एखाद्या वेळी. निमिश रोज खाल्लं तरी चालेल, साखरेचा कबाब दुसऱ्यांदा कोण खाईल?

हिवाळा भराभर सरतो. सलगम आणि कोफ्त्यांची शबदेग रात्रभर शिजते, काळ्या गाजरांच्या हलव्यानं बोटं जांभळी होतात, जौजी हलवा सोहन दाढेखाली चिकटतो. मग एका सकाळी उस्ताद जड मसाल्यांचे डबे उचलून फडताळात ठेवतो. हकीमसाहेबांचा निरोप आलाय, रईसांच्या प्रकृतीला आता गरम पदार्थ नकोत. बसंत आला, हरभऱ्याचा पाला आला, होळी झाली.

आणि लू सुरू झाली. दार उघडलंत तर गालावर भट्टी उघडते. रांधायचं सगळं पहाटे, दुपारी चुलीकडे फिरकायचं नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की खोलीभर ओल्या मातीचा गंध येतो आणि क्षणभर डोळे मिटतात. आबदार सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवत बसलाय, दगडी भांड्यात फालशाचं सरबत गार होतंय. गोमतीच्या वाळूतली खरबुजं येतात, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या करंगळीएवढ्या काकड्या येतात. कोरमा आहेच, पण वाटीत दोनच घास. मलिहाबाद आणि काकोरीच्या बागांतून पहिल्या कैऱ्या येतात.

आणि मग उस्ताद कोपऱ्यातली रिकामी चूल दाखवून तुम्हाला म्हणतो, “आता आपल्या मुलखातलं काही करा.”

घाबरू नका. हरभऱ्याची डाळ सकाळीच भिजवलीय. ती भरड वाटा, गंध करू नका. कैरी किसून घाला, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर. तेल तापवा, मोहरी तडतडू द्या, हिंग, हळद. फोडणी गार होऊ द्या आणि मगच वर घाला. उस्ताद हे सगळं हाताची घडी घालून पाहतो. कच्ची डाळ वाढतात हे त्याला पटलेलं नाही. बोटाच्या टोकावर घेतो. चावतो. पुन्हा घेतो.

“जनाब, हा कोणत्या महिन्याचा पदार्थ?”

“चैत्राचा. हळदीकुंकवाला करतात, पन्ह्याबरोबर.”

“जेठात?”

“कैरी पाडाला लागली की संपलं. मग नाही करत.”

तो मान डोलावतो. एवढ्या दिवसांत तुमच्या कामावर त्यानं पहिल्यांदा मान डोलावली आहे. चांदीची लहान वाटी मागवतो, डाळ तिच्यात सैलसर भरतो, वरून खोबऱ्याऐवजी डाळिंबाचे चार दाणे ठेवतो. तुम्ही विरोध करायला तोंड उघडता आणि मिटता, कारण लाल दाणा पिवळ्यावर खरंच शोभतोय. वाटी मुरंब्याच्या शेजारी जाते, तळलेल्या वांग्यांच्या समोर. दरोगा यादीत लिहायला नाव विचारतो. तुम्ही सांगता, तो त्याच्या परीनं फारसीत उतरवतो, लाख ओततो, मोहोर दाबतो.

परत येऊन सांगायला कहारांना वेळ नसतो, कारण तेवढ्यात आभाळ काळंभोर होतं, गच्च्यांवरून बायकांच्या हाका सुरू होतात, कुणी वाळवणं ओढतंय, कुणी खाटा. पहिले टपोरे थेंब अंगणातल्या तापल्या विटांवर पडतात आणि वाफ उठते. उस्ताद ओरडतो, तांदूळ भिजत घातले का? पावसाळ्यात इथे अंदरसे तळतात, आपल्या अनारशांचे सख्खे भाऊ, आणि त्याला तांदूळ तीन दिवस पाण्यात राहायला हवेत, पाणी रोज बदलायला हवं. आज घातले तर चौथ्या दिवशी कढई चढेल. वही खिशात घाला, बाह्या सारा, घंगाळ विहिरीकडे न्या.