कौलांतून जाणारी हवा

इराणच्या यझ्दमध्ये, वाळवंटात, घरं थंड ठेवायला छपरावर बादगीर म्हणजे वाऱ्याचे मनोरे बांधले. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर ते काम कौलांच्या फटींनी केलं. गरम हवा वर चढते आणि फटींतून निघून जाते. या वाटा साफ ठेवायच्या म्हणून पावसाआधी शाकारणी: कौलं उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, फुटकी बदलायची.

1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला. पुढे नळ्यांच्या जागी मंगळुरी कौलं आली, तरी हवा खेळत राहिली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने कौलं उडवली. अनेक घरांवर पत्रे चढले. पत्र्याला शाकारणी लागत नाही, पण खालचं घर दुपारी भट्टी होतं. शाकारणारे हात आहेत तोवर हे काम शिकून घ्यावं, असं मला वाटतं.