लोणाऱ्यांचा मुलूख

मोटारीतच चूल-बिछाना मांडून म्हसवडहून आटपाडीमार्गे जतकडे निघालेल्या प्रवाशास या बरड मुलखात दगडी कोळशाची खाण आढळणार नाही. परंतु लाकडाचा कोळसा आजही ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या लोणारी समाजाचा हा पूर्वापार प्रदेश होय. ओढ्याकाठची चुनखडी वेचून तिचे व कोळशाचे एकाआड एक थर भट्टीत रचावयाचे, खालून अग्नी द्यावयाचा, निघालेली कळी पाण्याने विझवावयाची आणि मग बैल जुंपलेल्या घाणीच्या वर्तुळाकार चरात, दगडी चाकाखाली, तो चुना वाळूसह लोण्यासारखा मऊ होईपर्यंत मळावयाचा, असा हा त्यांचा उद्योग. कितीक वाड्यांचे चिरे याच चुन्याने सांधले. मात्र वाड्यांच्या धन्यांची नावे दप्तरी राहिली आणि चुना मळणाऱ्यांची राहिली नाहीत, ही उणीव मला फार बोचते. १८७८ च्या कायद्याने कोळशाला लाकूड पुरवणाऱ्या जंगलांवर सरकारी अंमल बसला, पुढे सिमेंट आले आणि भट्ट्या थंडावल्या. मुलखाच्या सरहद्दीही बदलल्या: म्हसवडचा माण तालुका साताऱ्यातच राहिला; औंध संस्थानातील आटपाडी व जत संस्थान १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, ज्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले; लोणाऱ्यांच्या सोयरिकी मात्र या सरहद्दी ओलांडून जुळतच राहिल्या.