अंथरुणापाशी थांबणाऱ्याचा हिशेब

१/ घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध किंवा अपंग माणूस असले, की त्याच्यापाशी कोणाला तरी थांबावे लागते. थांबणाऱ्याचा तो दिवस सरकारने कधी मोजला आहे का? भारतात तो एकदा मोजला गेला होता : १८८३ साली, दुष्काळाच्या निमित्ताने. त्या नोंदीचा माग घेत आज कोल्हापूर जिल्ह्यातील कबनूरपर्यंत जाऊ.

२/ प्रथम त्यापूर्वीची रीत पाहू. मराठा राज्यात लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मागे राहिलेल्यांना ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक मिळे. ती राज्यासाठी केलेल्या सेवेची फेड होती. केवळ म्हातारपण वा पांगळेपण हा तिचा आधार नव्हता. तो भार घराने, जातीने वा धर्मादायाने उचलायचा असे.

३/ १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि १८८३ मध्ये प्रांतांसाठी नमुन्याची दुष्काळ संहिता तयार झाली. तिचे मूळ सूत्र कठोर होते : ज्याच्या अंगात बळ आहे त्याने सरकारी कामावर जावे, माती वाहावी, खडी फोडावी, मगच त्याला मजुरी मिळेल.

४/ या सूत्राला काही अपवाद होते. आंधळे, पांगळे, वेडसर, वयामुळे वा अशक्तपणामुळे कमावू न शकणारे यांना काम न करता मदत मिळू शके. त्याच यादीत आणखी एक वर्ग होता : घरातील आजाऱ्यापाशी किंवा तान्ह्या मुलापाशी ज्यांचे थांबणे अगदी अनिवार्य आहे, अशी माणसे.

५/ हा अपवाद नीट पाहा. ही व्यक्ती धडधाकट आहे, खडी फोडू शकते. तरीही तिने घरी थांबावे, कारण तिथले काम टाळता येण्याजोगे नाही, हे सरकारने लिहून मान्य केले. संहितेत औदार्य बेताचेच होते, हिशेबीपणा मोठा होता. पण त्या हिशेबात शुश्रूषा करणाऱ्याचा वेळ ‘रिकामा’ धरलेला नव्हता.

६/ पुढे ब्रिटनमध्ये या विचाराला वेगळे वळण लागले. १९१८ च्या माता-बाल कल्याण कायद्याने बाळंतिणीच्या घरी मदतनीस पाठवण्याची सोय झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ती आजारी व वृद्धांनाही मिळू लागली. १९४६ च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याने स्थानिक संस्थांना तसा अधिकार दिला आणि १९६८ च्या कायद्याने ते त्यांचे कर्तव्यच ठरवले. झाडलोट, स्वयंपाक, बाजारहाट यांसाठी नगरपालिकेचा माणूस घरी येऊ लागला.

७/ स्वतंत्र भारताने दुसरी वाट धरली. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजार व विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि पुढे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने पालनपोषणाचा भार मुलांवर कायद्याने टाकला.

८/ महाराष्ट्राने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. पुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. या दोन्ही योजनांची मासिक मदत २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. श्रावणबाळ हे नाव बोलके आहे. कथेतील श्रावणाने आईवडिलांची कावड खांद्यावर घेतली. योजनेतून पैसे येतात, खांदा मात्र घरचाच लागतो.

९/ आता कबनूर. हातकणंगले तालुक्यातील हे गाव इचलकरंजीला लागून आहे. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला; त्या धंद्याने आसपासची गावेही आपल्या तालावर घेतली. मागाच्या कामात जितके काम तितकी मजुरी. अशा घरात सासऱ्यांना उठवण्या-बसवण्यासाठी सून थांबली, तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हाताऱ्याच्या नावावर १,५०० रुपये येतात. तिच्या बुडालेल्या दिवसाला कोणत्याही रकान्यात जागा नसते.

१०/ ती जागा कायद्यात परत आली ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने. ज्यांना मोठ्या प्रमाणात आधार लागतो, अशा दिव्यांगांसाठी ‘काळजीवाहक भत्ता’ कलम २४ मध्ये नमूद आहे. अर्थात शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. केरळची ‘आश्वासकिरणम्’ योजना तर थेट शुश्रूषा करणाऱ्यालाच दरमहा ६०० रुपये देऊ करते. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती कोणाच्या कामाची आहे हे स्पष्ट आहे.

११/ महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा नियम आहे. बहुधा साहित्य वा रोख मदत वाटून हा निधी संपवला जातो. त्यातून दिवसातले दोन तास घरी येणारा मदतनीस नेमता येईल का, हा प्रश्न कबनूरसारख्या गावाच्या सभेत विचारण्याजोगा आहे.

१२/ दुष्काळाच्या तोंडावर, पै-पैचा हिशेब करणाऱ्या परक्या सरकारलाही एक गोष्ट दिसली होती : आजाऱ्यापाशी बसणे हे काम आहे. त्यानंतर १३३ वर्षांनी आपल्या कायद्याने ते पुन्हा लिहिले. लिहिलेले घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचवणे अजून बाकी आहे. पुढच्या ग्रामसभेत त्या ५ टक्क्यांचा हिशेब मागा. इतिहास वाचणाऱ्याला एवढे करता येते.