कुत्र्याला गोडी कळते, बेदाण्यातलं विष कळत नाही

कुत्र्याच्या जिभेवर साधारण १,७०० रुचिकलिका असतात, माणसाच्या सुमारे ९,०००. म्हणजे चवीत तो आपल्या मागे. वासात मात्र कितीतरी पुढे. खायचं की नाही हे तो बहुतेकदा हुंगून ठरवतो आणि फारसं न चावता गिळतो. मांजराला गोड चव लागत नाही, कुत्र्याला लागते.

सांगली-तासगाव भागात इथेच घोळ होतो. घरात बेदाण्याचा डबा उघडाच असतो, शेडवर तर ढीग. आपल्या मुलांना चालणारा बेदाणा आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. त्यातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं, असं आता मानलं जातं. किती खाल्ले तर सुरक्षित, असा आकडा नाही. एखाद्याला काही होत नाही, दुसऱ्याला थोडेही बाधतात. ‘मागच्या वेळी पचलं होतं’ यावर विसंबू नका.

बेदाणे घातलेला शिरा खाल्ला तरी तेच. उलटी, सुस्ती दिसायची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांना फोन करा. उलटीसाठी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळाच धोका होतो.

आणि तोंडातून घास ओढायला जाऊ नका. दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात या. कुत्रा घरचा असला तरी.