बाटलीवरचे शब्द

भारतवारी ठरली की फोनवरून यादी यायला लागते. ओमेगा-३, ग्लुकोसामाइन, मल्टिव्हिटॅमिन आणि हल्ली चक्क हळदीच्या आणि अश्वगंधाच्या कॅप्सूल. मंदसौर-नीमचच्या शेतात पिकणारी अश्वगंधा अमेरिकेहून न्यायची! कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तिकडे औषधं कडक तपासून विकतात." औषधं तपासतात, खरं आहे. पण या बाटल्या औषधं नाहीतच. बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं: ‘डाएटरी सप्लिमेंट’. हा शब्द ना डॉक्टरांचा, ना वैद्यांचा. तो कायद्याचा आहे आणि त्याच्यामागे जवळपास शंभर वर्षांची भांडणं आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ‘पेटंट मेडिसिन’ धो धो खपायचं. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांचं पेटंट नसायचंच, कारण पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते जाहीर करावं लागतं. आत काय असायचं? बऱ्याचदा दारू, कधी अफू. १९०६ साली पहिला केंद्रीय कायदा आला आणि असे घटक लेबलवर लिहिणं सक्तीचं झालं. मग सरकारने कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या एका जॉन्सन नावाच्या विक्रेत्याला कोर्टात खेचलं. १९११ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: बाटलीत काय आहे याबद्दल खोटं बोलणं गुन्हा आहे, पण त्याने रोग बरा होतो असं खोटं सांगणं या कायद्यात बसत नाही! पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, पण विक्रेत्याचा फसवण्याचा हेतू सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. "माझा स्वतःचा मनापासून विश्वास होता हो," असं म्हणणाऱ्या माणसाचं काय करणार?

खरा हादरा बसला १९३७ मध्ये. टेनेसीतल्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध पातळ स्वरूपात विकायचं ठरवलं. ते विरघळवायला त्यांनी डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं, वर रासबेरीचा स्वाद. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. (हेच रसायन १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं होतं. लेंटिन आयोग आठवत असेल.) आता कंपनीवर खटला कुठल्या कलमाखाली भरायचा? विषारी औषध विकणं हा तेव्हा गुन्हाच नव्हता. सरकारच्या हातात फक्त एक शब्द होता. बाटलीवर ‘एलिक्झिर’ लिहिलं होतं, एलिक्झिर म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं औषध, आणि यात अल्कोहोल नव्हतं. चुकीचं नाव, एवढाच आरोप! ‘सोल्युशन’ लिहिलं असतं तर माल जप्तही करता आला नसता.

१९३८ च्या कायद्याने बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवणं सक्तीचं केलं. थॅलिडोमाइडच्या प्रकरणानंतर, १९६२ साली, ते गुणकारी असल्याचंही सिद्ध करावं लागू लागलं. आपल्या नातेवाईकांच्या मनातली ‘कडक तपासणी’ ती हीच.

मग जडीबुटी आणि व्हिटॅमिन यातून निसटली कशी? एफडीएने नियम आवळायचा प्रयत्न केला की लोकच भडकायचे. १९९३ मध्ये तर टीव्हीवर एक जाहिरात होती: सशस्त्र पोलीस रात्री मेल गिब्सनच्या घरात घुसतात, तो हातातली बाटली दाखवून म्हणतो, अहो, ही व्हिटॅमिनं आहेत! सिनेटर ऑरिन हॅच या चळवळीचे संसदेतले पुढारी. त्यांच्या युटा राज्यात या कंपन्यांचा मोठा धंदा होता. ऑक्टोबर १९९४ मध्ये कायदा झाला आणि काढे-चूर्णांची गणना औषधांऐवजी अन्नाच्या बाजूला झाली. विकण्याआधी परवानगी नको. माल घातक असेल तर ते एफडीएने सिद्ध करायचं, तेही विक्रीनंतर.

किती वेळ लागतो त्याला? इफेड्रा ही वजन घटवण्यासाठी खपणारी चिनी वनस्पती. तिच्याबद्दलच्या तक्रारी नव्वदच्या दशकापासून साठत होत्या. फेब्रुवारी २००३ मध्ये स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉलपटू सरावात उष्माघाताने कोसळला आणि गेला. तो इफेड्रा घेत होता. बंदी लागू झाली एप्रिल २००४ मध्ये.

आता बाटलीवरची भाषा वाचा. ‘कोलेस्टेरॉल कमी करते’ असं लिहिलं तर ते औषध ठरतं. म्हणून ‘नॉर्मल असलेलं कोलेस्टेरॉल नॉर्मल राखायला मदत करते’. थोडक्यात, ज्याला दुखणं नाही त्याच्यासाठी! सांध्यांना ‘सपोर्ट’, प्रतिकारशक्तीला ‘सपोर्ट’. हे क्रियापद वकिलांनी तोलून-मापून निवडलेलं आहे, आणि आपल्याकडे वाचणारा त्याचा अर्थ सरळ ‘गुडघेदुखीवर गुणकारी’ असा घेतो. ‘नॅचरल’ला एफडीएची पक्की व्याख्या नाही. धोतराही नॅचरलच. ‘स्टँडर्डाइज्ड’ला तर अमेरिकेत कायदेशीर व्याख्याच नाही, प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहिलं की मिश्रणाचं एकूण वजन आणि घटकांचा क्रम सांगितला तरी पुरतं, कुठला घटक किती ते गुपित.

आणि ती हळद. फोडणीतली हळद आणि कॅप्सूलमधलं कर्क्युमिन एक नव्हे. कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही. सोबत मिऱ्यातलं पायपरीन दिलं तर माणसात ते २० पट उतरतं, असं बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. मग कंपन्या पायपरीन घालू लागल्या. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. सगळ्यांना होत नाही, पण "घरचीच हळद तर आहे" म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत ती टाकणाऱ्यांनी निदान आपल्या डॉक्टरांना सांगावं.

काही बाटल्यांवर ‘यूएसपी व्हेरिफाइड’ असा शिक्का असतो. तो मात्र बघून घ्यावा. लेबलवर लिहिलंय ते आत आहे आणि शिशासारखी घाण मर्यादेत आहे, एवढं त्यातून कळतं. त्याने गुडघा बरा होतो का, हे तो शिक्का सांगत नाही.